उशिरा येणारी छोटी गाडी

जिवनबाई म्हणजे तांड्यावरची तोफ. पैनगंगेकाठच्या त्या तांड्यात तिच्यापुढं बोलायची कुणाची टाप होती? उभी हयात तिनं सरपणाच्या मोळ्या छोट्या गाडीत टाकून तालुक्याला नेल्या. गाडी तरी कसली हो, अरुंद रुळांवरची, चार डब्यांची! फाटक आलं की थांबायची. गार्ड भिवाजी खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढं सरकली की उघडायचा आन् पळत येऊन चढायचा. कुणी हात केला तरी थांबायची. वेळेवर मात्र जन्मात आली न्हाई. सकाळची दुपारी, दुपारची दिवेलागणीला. तांडा हसायचा, "येती उशिरा, पण येती बराबर."

हिंगोली जिल्हा झाला त्या साली, भादव्यात, तिची सून निलम अडली. पहिलटकरीण, त्यात पोर आडवं आलेलं. काळ्या रानात गुडघाभर चिखल, बैलगाडी चालायची सोय न्हाई. मुलगा सुदाम म्हणाला, "याडी, बाजेवर घालून वारंगा फाट्याला नेतो. तिथं जीप भेटंल."

"येडा का खुळा तू? चिखलात हिंदकळून मरंल पोरगी. गाडी येऊन राहिली. रुळाजवळ ने तिला."

याडीचा, म्हणजे आईचा शब्द. सुदामनं बाज रुळाशेजारी ठेवली. दुपार टळली. निलम ओठ चावत विचारायची, "आली का?" जिवनबाई म्हणायची, "आता येईल, लेकरा." उशीर झाला म्हणून कुणाच्या काळजात धस्स झालं न्हाई, हेच तर दुर्दैव! वेळेवर येणारी गाडी असती तर तासाभरातच कळलं असतं, आज काहीतरी बिनसलंय.

ऊन कलल्यावर रुळांवरून चालत भिवाजी आला. "जिवनबाई, इथं काहून बसल्या? लाईन आजपासून बंद केली की. आता न्हाई यायची गाडी."

बाज उचलून सगळे फाट्याकडं धावत सुटले. निम्म्या वाटेत निलमचं कण्हणं थांबलं. लेकरू पोटातच राहिलं.

पुढं रूळसुद्धा उखडून नेले. सुदाम राबायचा, आईला वेळेवर जेवू घालायचा, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नव्हता. तेच तिला सोसवेना. एकदा ताट ढकलून ती किंचाळली, "काहून बोलत न्हाईस रं? शिवी तरी दे मला!"

सुदामनं सांडलेलं वरण पुसून काढलं.

"तुला काय शिवी देऊ, याडी? फाट्याला न्यावं हे मला कळत होतं. तरी तुझं ऐकून बसलो. बायको माझी होती."