मेथी जास्त घातलेले लाडू

संगमनेरच्या स्टँडसमोर सायकली दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. हातातलं चाक एकदा फिरवून बघितल्याशिवाय तो कशालाच उत्तर द्यायचा नाही. आमच्या ग्राहक संघटनेची भेसळीविरुद्धची पत्रकं मी त्याच्या दुकानात ठेवायचो आणि तो त्यांना ग्रीसचे हात पुसायचा.

दिवाळीच्या तोंडावर तो एसटीची वाट बघत उभा दिसला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात जर्द पिवळ्या मिठाईचा पुडा. मी भडकलोच. "हा रंग विषारी आहे, किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

"ही लेकीच्या सासरी, ईहिनबाईंच्या घरच्यांला," तो म्हणाला. "लेक बाळंतीन हाय पुणतांब्याला, थोरलं पोर चार वर्साचं. तिच्यासाठी डिंकाचे लाडू धाडले तर समदं घर खातं, तिला घासबी मिळत न्हाई. म्हनून औंदा कारभारनीनं मेथी लई घातली. कडू लाडवाला कोन हात लावतंय? समदे ह्या पुड्यावर पडतील."

"आणि तुमचा थोरला नातू कशावर पडेल?"

फिरवायला चाक नव्हतं. त्यानं पुडाच एकदा फिरवून बघितला. गाडी लागली तसा पुडा माझ्या हातात कोंबून म्हणाला, "गटारात टाका दादा. पोराला नगं."

मला बरं वाटलं, ते क्षणभरच. खिडकीतून त्याचा चेहरा बाहेर आला. "पर सनाला गोड आनलं न्हाई म्हनून ईहिनबाईंनी लेकीलाच धारेवर धरलं तर?"

धरणारच होत्या. गाडी पुलापलीकडे गेली, पुडा माझ्याच हातात.