मुंगीचा धडा आणि आमचे भाऊजी

फोन आला तेव्हा मी वाणगावच्या बाजारात मिरच्या निवडत होते. पलीकडून ह्यांचा आवाज, "दादा गेला गं…" बस्स, एवढंच. मिरच्या तशाच टाकून निघाले. त्याला आता सहा आठवडे होतील.

दानिएलभाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. नगरकडून तारापूरच्या एमआयडीसीत फिटर म्हणून आले, मागोमाग ह्यांनाही आणून कामाला लावलं. रविवारी बोईसरमधल्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत उपदेश तेच करायचे, आणि विषय ठरलेला: आळस. शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, मुंगी त्यांची फार लाडकी. तिच्यावर ना मुकादम ना साहेब, तरी बाई उन्हाळ्यात दाणे साठवून ठेवते. आणि आळशी हात उराशी धरून निजला की दारिद्र्य दरोडेखोरासारखं घरात शिरतं, असं सांगायचे. मागच्या बाकावर पोरं खिदळायची. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू? पण बोलायचे तसे वागायचेही. पहिली शिफ्ट करून आले की कुणाचा नळ, कुणाची मोटर दुरुस्त करून द्यायचे, नुसत्या चहावर.

मग एका वर्षी ह्यांनी कामावर जाणंच सोडलं. दिवसभर खाटेवर. काही विचारलं की तोंड भिंतीकडे. मीही टाकून बोलले, नाकारत नाही. आणि एका रविवारी भाऊजी उपदेशात म्हणाले, "दार बिजागरीवर फिरतं ना, तसा आळशी खाटेवर कूस बदलतो. माझ्याच घरात आहे एक!" सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. हे उठले, चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर मंडळीत पाऊल नाही आणि भावाशी शब्द नाही.

केळव्याहून मासे घेऊन येणारी सुमनमावशी एकदा दारात टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "अगं, हा आळशी नाय. चार पायऱ्या चढला का ओठ निळे पडतात त्याचे. आमी बघतो ना! डाक्टरला दाखव." दाखवलं. हृदयाची झडप खराब निघाली. दम लागतो हे सांगायची ह्यांना लाज वाटत होती… देवा!

मी तडक भाऊजींचं घर गाठलं. "मुंगी मुंगी करता, कधी खाली बसून बघितलीत का तिला? जायबंदी मुंगीला बाकीच्या ओढून घरी नेतात. तुम्ही सख्ख्या भावाला चारचौघांत तुडवलंत!" पुढच्या रविवारी भाऊजी उपदेशाला उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याला काम करायचंच नाही त्याने खाऊ नये, असं शास्त्र म्हणतं. ज्याला जमत नाही त्याच्याबद्दल ते बोललेलं नाही. मी ते माझ्या आजारी भावावर फेकलं. मी चुकलो."

ह्यांचं ऑपरेशन झालं. भाऊजी रोज संध्याकाळी यायचे, ह्यांना धरून गल्लीत चालवायचे. हे चालायचे, पण 'हूं'च्या पलीकडे बोलायचे नाहीत. वर्षं गेली तरी तो काटा काही निघाला नाही.

गेल्या वर्षी भाऊजींना अर्धांगवायू झाला. लग्न केलेलं नव्हतं, आम्ही आमच्याकडेच आणलं. जन्मात कधी रिकामा न बसलेला माणूस, दिवसभर पडून! थोड्याच दिवसांत ताट सरकवायला लागले. बोबड्या जिभेने म्हणायचे, "काम नाही… खाऊ नये." तीन दिवस नुसत्या पाण्यावर. मी विनवलं, ओरडले, शेवटी रडले. काही उपयोग नाही.

चौथ्या दिवशी हे पेजेची वाटी घेऊन खाटेवर बसले. "दादा, ज्याला जमत नाही त्याच्याबद्दल शास्त्र तसं बोललेलं नाही. तूच सांगितलंस ना सगळ्यांसमोर? मी नव्हतो तिथे, पण हिने मला शब्दन्‌शब्द सांगितला होता. मला तेवढं पुरलं रे… सांगायचं मात्र राहून गेलं. आता तोंड उघड."

भाऊजी रडत रडत जेवले. त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत दुपारची पेज ह्यांच्याच हातून, चमच्या-चमच्यावर फुंकर घालून.

आता घरात आम्ही दोघंच. बारा वाजता मी ताट वाढते. हे पहिला घास उचलतात आणि त्यावर हळूच फुंकर घालतात… भात केव्हाच निवलेला असतो.