ब्रेकवरचा पाय

देवाने अक्कल वाटायला काढली तेव्हा आपण रांगेत पहिले होतो, असं उस्तादाचं स्वतःबद्दलचं मत होतं. गॅरेज त्याचं, हत्यारं त्याची, त्यामुळे त्याला खोडून काढणारं तिथे कुणी नव्हतंच. मोजमापाची उपकरणं कपाटात धूळ खात पडलेली. "ज्याच्या हातात कसब नाही, त्याने मोजत बसावं," म्हणायचा.

त्याची बायको परिचारिका. सगळे तिला सिस्टर म्हणत, आणि चिडवायचं असलं की उस्तादही म्हणे. डोंगरावरच्या वस्त्यांवर म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायला, बाळंतिणींना बघायला तीच जायची, घरातली जुनी जीप घेऊन. जीप होती म्हणून ते काम तिच्याकडे होतं. जीप नसती तर तिला खाली कचेरीत बसवलं असतं, आणि वरच्या लोकांकडे दुसरं कुणी फिरकलं नसतं.

त्याच जीपला खोड लागली. उतारावर ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडायचं आणि स्टिअरिंग हातात थरथरायचं. ब्रेक दाबला नाही तर गाडी कितीही पळवा, शांत. तिने हे सगळं नीट सांगितलं. उस्तादाने अर्धंच ऐकलं. स्टिअरिंग थरथरतं एवढं कानावर पडताच त्याने टायर बॅलन्स केले, स्टिअरिंगचे सांधे बदलले, आणि सपाट रस्त्यावर एक फेरी मारून, ब्रेकला फारसा पाय न लावता, मिशीला पीळ दिला. दुसऱ्या दिवशी उतारावर जीप पुन्हा थरथरली.

मग त्याने पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या तबकड्या, म्हणजे डिस्क, नव्या घातल्या. उजेडासाठी हातात बॅटरी धरून सिस्टर शेजारी उभी होती. नवी डिस्क त्याने पेट्रोलने आरशासारखी पुसली. ती ज्याच्यावर टेकते त्या चाकामागच्या हबवर मात्र गंजाचे खवले धरलेले.

"हा गंज नाही काढायचा? ती सपाट कशी बसेल?" तिने विचारलं.

"तो झाकला जातो. तू बॅटरी नीट धर."

काही आठवडे बरे गेले आणि जीप पुन्हा धडधडू लागली. नाचता येईना अंगण वाकडे, पण उस्तादाला अंगणसुद्धा सापडलं नाही. त्याला बायकोचा पाय सापडला. "तुझा पायच जड. उतारभर ब्रेकवर ठेवून बसतेस, डिस्क तापून वाकते." हे त्याने घरात सांगितलं, गॅरेजात सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली. दीर तर तिला पाहिलं की उगीच पाय आपटत चालून दाखवायचा. त्या घरात हसण्यापुरतं एकमत लगेच व्हायचं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचाही त्यावर विश्वास बसला. जखमेवरची पट्टी अलगद सोडवणारी बाई, पण आपला पाय जड असेलही, असं तिला वाटू लागलं. ती चपला काढून अनवाणी गाडी चालवू लागली. खालचा गिअर टाकायची, ब्रेकला जेमतेम बोटं लावायची, वळणावर श्वास रोखून धरायची. तरी स्टिअरिंग थरथरायचंच.

"आता शेवटच्या डिस्क घालतो," उस्ताद म्हणाला. "परत बिघडल्या तर जीपची किल्ली माझ्या खिळ्यावर. मग बस कचेरीत."

त्या दिवशी जुन्या डिस्क काढून तो हात पुसत बाहेर गेला, कारण बाहेर दोन गिऱ्हाइकं आली होती आणि त्यांना बायकोच्या पायाची गोष्ट अजून माहीत नव्हती. आत सिस्टर एकटी राहिली. हबवरचे गंजाचे खवले अजून तसेच होते, पहिल्यापेक्षा जाड. बाहेर हशा पिकला. तिने तारेचा ब्रश उचलला आणि दोन्ही हब पांढरे दिसेपर्यंत घासले. उस्ताद परत आला, त्याने नव्या डिस्क चढवल्या. हबकडे त्याने पाहिलंही नाही. जे झाकलं जातं ते तो कधी बघत नसे.

महिने गेले. जीप उतारावरून लोण्यासारखी उतरू लागली. उस्ताद सांगत सुटला, "शेवटी शिकवला पाय ठेवायला!" किल्ली सिस्टरकडे होती, तेवढं तिला पुरे होतं.

मग एक दिवस ती डबा द्यायला गॅरेजात आली, तेव्हा एक माणूस तक्रार सांगत होता. जुनी जीप, नव्या डिस्क, ब्रेक दाबला की पेडल धडधडतं. उस्तादाने पूर्ण ऐकलंसुद्धा नाही.

"गाडी बायको चालवते का?"

माणूस ओशाळला. "हो. रोज."

त्याची बायको सिस्टरला न बघताच डोळ्यांसमोर दिसली. डबा टेबलावर आपटून ती म्हणाली, "तुमच्या बायकोच्या पायाचा काही दोष नाही, भाऊ. डिस्क काढून आत हबवरचा गंज घासायला लावा, त्याच्यावर ती तिरकी बसते. आमच्या जीपचा मी घासला."

उस्ताद तिच्याकडे वळला. "तू? कधी?"

"तुम्ही बाहेर माझ्या पायाबद्दल बोलत होतात तेव्हा."

हसायला तिथे दीरही होता, पण तो हसला नाही. सिस्टर जीपकडे गेली. सीटखाली पडलेल्या चपला तिने ओढून बाहेर काढल्या, घातल्या आणि डोंगराकडे निघाली.