पाचवीच्या वर्गाबाहेरचा व्हरांडा

माझी मुलगी चौथी पास झाली त्या उन्हाळ्यात मी निर्धास्त होते. चिखलीतली आमची महापालिकेची शाळा चौथीपर्यंतच. मागे वेल्डिंगच्या शेडी, त्यामुळे पाढे म्हणतानाही पोरांना ग्राइंडरच्या वर आवाज काढावा लागायचा. पण चौथीनंतर तिथली मुलं सरळ मोठ्या शाळेत पाचवीला जायची, हे ठरलेलंच होतं. मोठी शाळाही महापालिकेचीच, पण तिचं नाव झालं होतं. तिथले शिक्षक मनापासून शिकवायचे. सोसायट्यांमधले लोकसुद्धा इंग्रजी शाळेतून मुलं काढून तिथं घालायला लागले होते.

जूनमध्ये दाखला घेऊन मोठ्या शाळेत गेले तर तिथले मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, यंदापासून तुमच्या शाळेची मुलं इकडं नाहीत. हायवेपलीकडच्या शाळेत जायचं."

"का?"

"जागा नाही. एकेका बाकावर तिघं-चौघं बसतात. कुठल्या शाळेची मुलं कुठं जाणार, ते वरून ठरलंय."

"मग आमच्या शेजारच्या, तीही चौथीपर्यंतचीच, त्या शाळेची मुलं कशी घेतलीत?"

सरांनी दाखला माझ्याकडं परत सरकवला. "ते मला विचारून ठरत नाही."

शेजारच्या शाळेत बंगल्यांची आणि सोसायट्यांची मुलं. आमच्या शाळेत वर्कशॉपवाल्यांची, कंपनीत कंत्राटावर असणाऱ्यांची, जालना-बीडहून आलेल्यांची. सरांनी सांगितलं नाही तरी मला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन त्या पलीकडच्या शाळेची वाट धरली. हायवेवर चाकणकडून येणारे ट्रेलर, नव्या कोऱ्या गाड्या लादलेले, एकामागोमाग एक. थांबेल असं कुणी नाही. डिव्हायडरवर आम्ही दोघी उभ्या होतो आणि तिनं माझी ओढणी मुठीत धरली होती.

"मम्मी, मी रोज एकटी कशी येऊ?"

मी तेव्हा सकाळच्या शिफ्टला जायचे, तिचे पप्पा कामाला चाकणला. मी म्हटलं, "तू इथं यायचंच नाहीस." आणि आम्ही तिथूनच मागं फिरलो.

घरी नवरा म्हणाला, "साहेब लोकांशी भांडून काय होणार?" मी म्हटलं, "नाही भांडले तर काय होणार, ते मी आज डिव्हायडरवर उभं राहून बघितलंय."

संध्याकाळी गल्लीतल्या बायका जमल्या. त्यात इथल्याच जुन्या गावकरी घरातल्या आजी होत्या. त्यांची नातही आमच्याच शाळेतली. त्या म्हणाल्या, "ती मोठी शाळा बांधली ती जागा माझ्या सासऱ्यांची व्हती. शाळंसाठी म्हणून दिली त्यांनी. आन् आता माझ्याच नातीला म्हणत्यात, जागा न्हाई. चला गं, मी बी येती."

शाळा सुरू झाली तशी आम्ही मुलांना दप्तरासकट नेलं आणि पाचवीच्या दारासमोर व्हरांड्यात बसवलं. मागं आम्ही आया, आळीपाळीनं. मी दुपारची शिफ्ट मागून घेतली, सुपरवायझरची बोलणी खाल्ली. पाचवीच्या मॅडमनी सुरुवातीला दार लावून घेतलं. दोन-तीन दिवसांनी ते उघडं राहायला लागलं. मग त्या जरा मोठ्यानं शिकवू लागल्या. एकदा त्यांनी अपूर्णांकाचं काहीतरी विचारलं आणि माझ्या मुलीनं बाहेरून उत्तर दिलं. आतला सगळा वर्ग मागं वळून बघायला लागला. मॅडम फक्त म्हणाल्या, "बरोबर."

आतल्या एका मुलाची आई माझ्यावर तणतणत आली. आयटीतली, गळ्यात ओळखपत्र. "तुमची मुलं आत आली तर आमची कुठं बसणार? आत्ताच श्वास घ्यायला जागा नाही."

"तुमचं खोटं नाही," मी म्हटलं. "पण मग माझ्याशी कशाला भांडताय? वरच्या मजल्यावर हॉल आहे, मी खिडकीतून बघितलाय. मोडके बाक भरून कुलूप लावलंय. ते उघडायला सांगा ना."

"वर हॉल आहे?" तिनं विचारलं, आणि तशीच तरातरा मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. मी मागोमाग. त्या टेबलासमोर आम्ही दोघी पहिल्यांदा एका बाजूनं उभ्या राहिलो.

त्याच आठवड्यात महापालिकेच्या शिक्षण खात्यातले अधिकारी आले. व्हरांडा बघून भडकले. "हा सरकारी कामात अडथळा आहे. पोलीस बोलवावे लागतील."

आजी पाय पसरून बसल्या होत्या, तशाच म्हणाल्या, "बोलीव की. पोलिसांची पोरं बी इथंच शिकत्यात."

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः हॉलचं कुलूप काढलं. "थोडं गळतं," एवढंच म्हणाले. आम्ही झाडून काढलं. आयटीवाली सुट्टी टाकून आली, नवा मॉप घेऊन. गल्लीतल्या एका वेल्डरनं बाकांचे पाय जोडून दिले. दोन्हीकडची मुलं वाटून बसवली, आणि पाचवीची दुसरी तुकडी सुरू झाली.

अधिकारी परत आले तेव्हा वर्ग चालू होता. "हे कुणाच्या परवानगीनं?"

"माझ्या," सर म्हणाले. "मुलं माझ्या शाळेत बसलीत. उठवायची असतील तर तुम्ही उठवा."

अधिकारी दारात उभे राहून मुलांकडं बघत राहिले. मग जिना उतरून गेले. काही आठवड्यांनी आमच्या मुलांची नावं हजेरीत आली.

दिवाळीनंतर सरांची बदली झाली, लांब कुठंतरी. मी भेटायला गेले. "सर, आमच्यामुळं झालं हे."

"ताई, इतकी वर्षं कुणी ना कुणी आलं की मी जागा नाही, जागा नाही म्हणत आलो," ते म्हणाले. "एकदाच आहे म्हणालो. बरं वाटलं."

मुलगी आता सातवीत आहे. शाळेत गर्दी अजून आहेच. नव्या खोल्या बांधा, शिक्षक वाढवा, हे आम्ही दर मीटिंगला मागतो, आणि आता आम्ही म्हणजे वस्ती आणि सोसायटी दोन्ही. बांधतील तेव्हा बांधतील. पण गर्दी झाली की आधी आमची मुलं बाहेर काढायची, हे आता इथं चालत नाही.