गुरम्माच्या गळ्यातलं लिंग

अहमदपूरच्या बाजारात, घराला लागूनच, गुरम्माबाईंचं भांड्यांचं दुकान आहे. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीनं ओढलं. पण गावात त्यांचं नाव होतं ते दुकानापेक्षा नेमासाठी. लिंगायत रिवाजानं सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, पूजा करायची, आणि मगच पाण्याचा घोट. ताप असो की प्रवास, हा नेम उभ्या जन्मात चुकला नव्हता, आणि दुसऱ्या कुणाचा चुकला तर त्या गल्लीभर ऐकवायच्या.

सून शिवकन्या उदगीरची. ती गल्ल्यावर बसू लागली, हसून बोलू लागली, आणि हळूहळू गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवताच विचारू लागलं, "वहिनी कुठं गेल्या?" गुरम्मा तिथंच समोर बसलेल्या असायच्या. त्यांच्याकडं नजरही जायची नाही. सून घरातून कशी जाईल, हा एकच विचार तेव्हापासून त्यांच्या मनात मुरत राहिला.

चैत्रातल्या एका सोमवारी मुलगा अमरेश दोघींना घेऊन नांदेडला आला. गोदावरीच्या काठी महादेवाचं फार जुनं देऊळ आहे. त्याचे काळे खांब माणसांच्या पाठी टेकून टेकून गुळगुळीत झालेत. लांबून गुरुद्वाऱ्याचं कीर्तन ऐकू येत होतं. दर्ग्याकडं निघालेली माणसं त्याच घाटावर हातपाय धूत होती. सासूसुनेनं अंघोळ केली आणि पायरीवर धुतलेलं कापड अंथरून गळ्यातली लिंगं सोडून पूजेला मांडली. गुरम्मांची पूजा आधी उरकली.

"आत्या, जरा ध्यान ठेवा. तांब्या भरून आणते," म्हणत शिवकन्या पाण्याकडं वळली.

तेवढी पाठ पुरली. गुरम्मांनी दोन्ही लिंगं आपल्या लिंगाच्या कापडात गुंडाळली, गाठ मारली आणि गळ्यात घालून पदर ओढून घेतला.

शिवकन्या परतली. अंथरलेलं कापड मोकळं होतं.

"आत्या, माझं लिंग?"

"मला काय ठाव? तुझ्या ओल्या पदरानं ओढलं असंल पाण्यात."

शिवकन्या कंबरभर पाण्यात उतरून गाळ चाचपडत राहिली. वर आली तेव्हा तिची नखं काळी झाली होती.

"आता देवळात कशाला येतीस? बस हितंच," गुरम्मा म्हणाल्या. "आन अंगावर लिंग न्हाई तवर पाण्याचा थेंब घ्यायचा न्हाई. नवं मिळंल गावाकडं, मठातल्या स्वामींच्या हातून."

"आई, ऊन लई हाय," अमरेश पुटपुटला.

"मग तू सावलीत जा."

गुरम्मांनी सावकाश दर्शन घेतलं. बाहेर येऊन सुनेच्या शेजारीच बसल्या आणि शहाळं मागवलं. शेवटच्या घोटापर्यंत ते चवीनं प्यायल्या.

स्टँडकडं जाताना शिवकन्या भिंतीचा आधार घेत चालत होती. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर एक म्हातारी शीख बाई येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत होती. तिनं स्टीलचा वाडगा पुढं केला. "पी ले बेटी."

"पिलीस तर माझा उंबरा तुला बंद," गुरम्मा म्हणाल्या.

शिवकन्येनं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा मोबाईलकडं बघत होता. तिनं वाडगा तोंडाला लावला. संपल्यावर दुसरा मागून घेतला.

"बघितलंस?" गुरम्मा मुलाला म्हणाल्या. "हिला उदगीरच्या गाडीत बसव."

अमरेशनं बसवलं. खिडकीतून पाण्याची बाटली दिली. तिनं घेतली नाही. ती सासूला एवढंच म्हणाली, "माझं गेलं म्हणून मला हाकलताय. तुमचं हाय ना जागेवर? जपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरम्मा न्हाऊन पूजेला बसल्या. तहान लागली होती. कापडाची गाठ सोडली, आणि हात तिथंच थांबला.

अमरेशच्या लग्नात स्वामींनी दोघींच्या लिंगांवर एकाच दिवशी काळ्या लेपाची कंथी चढवली होती. तोच लेप, तोच हात, तोच आकार. गुरम्मांनी एक तळहातावर घेतलं, ठेवलं. दुसरं घेतलं. वजन करून पाहिलं, उजेडात धरलं, वास घेतला. उभा जन्म जे हातात घेतलं, ते ओळखू येईना. दुसऱ्याच्या लिंगाची पूजा चालत नाही, हे त्यांनीच गल्लीला शिकवलं होतं. स्वामींनी कदाचित ओळखलं असतं. पण दोन कुठून आली, हे त्यांना सांगावं लागलं असतं.

ऊन उंबऱ्यावर आलं. अमरेश पाण्याचा तांब्या घेऊन आत आला.

"आई, अजून पूजा न्हाई झाली?"

गुरम्मांनी पदर ओढायच्या आत त्यानं दोन्ही लिंगं पाहिली. तांब्या खाली ठेवला.

"यातलं तुझं कोणतं?"

गुरम्मांनी एक पुढं केलं, परत मागं घेतलं.

"मग पाणी कसं पिशील?" अमरेश म्हणाला. ठेवलेला तांब्या त्यानं परत उचलला आणि जाताना मोरीत उपडा केला.

दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला. पाठोपाठ पहिल्या गिऱ्हाइकाचा, "वहिनी कुठं गेल्या?"

अमरेश काय बोलतो ते ऐकायला आत गुरम्मांनी कान दिला. नेहमीसारखाच तो काही बोलला नाही.