त्या एका फाइलीतले इशारे

शैलाताई गेल्याचं मला एसटीत कळलं, कामथडीच्या अलीकडे. तिच्या भावाचा फोन होता. पुढे शोकसभेत वक्त्यांनी तिला 'तालुक्याची तंत्रकन्या' करून टाकलं. तिनं ऐकलं असतं तर उठून गेली असती. मीही बोललो, पण सांगायचं ते राहिलंच...

भोरमध्ये एका खोलीत आम्ही दोघं प्रोग्राम लिहायचो. उत्रोलीच्या बाजूला नदीचं पाणी चढलं की भोंगा वाजवणारं यंत्र आमचं. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर शंका आली की इशारा देतो. हे इशारे किती कडक हवेत, त्याची सेटिंग ताईनं प्रोग्रामच्या चाळीसच्या चाळीस फाइलींसाठी एकाच जागी लिहून ठेवली होती. "एकीलाच लाडावायचं न्हाई," म्हणायची. मुदत जवळ आली तेव्हा मी एकीला लाडावलं. ती फाइल सारखी कुरकुरत होती, म्हणून तिच्यापुरते इशारे बंद केले.

उद्घाटनाला मांडव, शाली आणि भोंग्याहून लांब भाषणं होती. पाहुण्यांचा हात बटणाकडे गेला, तोच ताई लॅपटॉप घेऊन मधे आली.

"थांबा. पूर आला तर हा वाजणार नाही."

सकाळी तिनं सगळ्या फाइली एकाच सेटिंगवर पुन्हा कंपायलरमधून काढल्या होत्या, आणि मी दाबलेला इशारा वर आला होता. माझ्या फाइलीत पाण्याची उंची दोनशे पंचावन्न सेंटिमीटरपर्यंतच मावत होती. त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणजे ऐन पुरात यंत्राच्या लेखी नदी कोरडी.

"आन आमी भोंग्याच्या भरवशावर खाली पान्याच्या मोटारी सोडवत बसलो असतो, तर वो?" काठावरच्या शेतातले तात्या म्हणाले.

"चूक कुणाची?" पाहुण्यांनी विचारलं.

ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहत होतो.

"माझी," ती म्हणाली.

पुढचं काम तिच्याकडून काढून मला दिलं गेलं. मी ते घेतलं. ती एवढंच म्हणाली, "विनू, तुला बोलायला येळ लागंल. घे."

मी तिच्या हयातीपेक्षा जास्त घेतला.

गेल्या आठवड्यात भावानं तिच्या टेबलावरची वही दाखवली. कुठल्या फाइलीत काय बदललं, का, कुणामुळे... सगळं तिच्या बारीक अक्षरात. त्या दिवसाची ओळही होती : 'सेटिंग पुन्हा एका जागी आणली.' फक्त 'कुणामुळे'चा रकाना कोरा. मांडवात ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. वहीत तेवढं जमलं नसावं.

मी भावाकडून पेन मागून घेतलं आणि तिथं माझं नाव लिहिलं. रकान्यात मावलं नाही, शेजारच्या ओळीत गेलं.