दुकानं दोन, टेबल एक

मैत्रिणींनो, घाईत लिहितेय, पण शेवटपर्यंत वाचा.

ऑनलाइन माझी दुकानं दोन. एकावर नाचणीसत्त्व आणि मेतकूट, दुसऱ्यावर कुंडीतल्या झाडांवर फवारायची कीडनाशकं. नावं वेगळी, फोन नंबर वेगळे. दोन्ही माझीच आहेत हे गिऱ्हाइकाला कळतही नाही.

आज सकाळी श्रीरामपूरहून एका आईचा फोन आला. "ताई, तुमच्या सत्त्वाच्या पाकिटाला औषधाचा लई वास येतोय. बाळाला भरवलं हो मी आत्ताच!"

"आधी दवाखान्यात जा, पाकीट सोबत न्या," एवढंच मी कसंबसं बोलले.

मग आठवलं. परवा पॅकिंगच्या टेबलावर कीडनाशक सांडलं होतं. ते मी पुसलं, आणि त्याच फडक्याने सत्त्वाची पाकिटंही पुसली.

नव्वदच्या दशकात शेवगावला पप्पांचं किराणा दुकान होतं, शेजारीच शेतीच्या औषधांचं, तेही त्यांचंच. औषधाच्या दुकानातून आले की सदरा बदलल्याशिवाय ते गुळाला हात लावत नसत. आम्ही हसायचो.

दुपारी त्या आईचा पुन्हा फोन आला. "बाळ खेळतंय ताई. वास वरूनच हुता. पण डॉक्टर म्हणले, आज लक्ष ठेवा."

ती पाकिटं गेलेल्या सगळ्यांना मी फोन केले. पाथर्डीचं एक घर उचलतच नाहीये.

तुमच्यात पाथर्डीचं कुणी आहे का? ओळखीत कुणी बाळासाठी नाचणीसत्त्व मागवलंय का? त्यांना सांगा, पाकीट उघडू नका.